भीतीचा फासा

हलगेकर सर रस्ता ओलांडायला घाबरत. खडे बाजाराच्या कडेला उभे राहून डावीकडे बघत, उजवीकडे बघत, परत डावीकडे बघत आणि शेवटी शेजारी जो कुणी उभा असेल त्याच्या सदऱ्याची बाही दोन बोटांत हलकेच धरत. "जरा पलीकडं येतो तुमच्यासंगं," एवढंच म्हणत. माणूस ओळखीचा असो वा नसो. पलीकडे पोचले की बाही सोडून तिच्यावरची चुणी हाताने नीट करत आणि चालू लागत. सारा जन्म बेळगावच्या शहापुरात काढलेल्या माणसाचं हे वागणं. गल्लीत त्यावरून पुष्कळ थट्टा चाले. सरांच्या कानावर ती जाई, पण तिचा त्यांनी कधी राग धरला नाही.

कुत्र्यांना भीत. फटाक्यांना भीत. दिवाळीत कानात कापसाचे बोळे घालून हिंडत आणि फराळाला बोलावलं तर "काय म्हणालात?" असं तीनतीनदा विचारत. शाळेत ते चित्रकला शिकवत. शेजारच्या वर्गात कुणा मुलाला छडी बसू लागली की यांचा फळ्यावरचा हात थांबे. छडी थांबली की पुढची रेघ. त्यांच्या फळ्यावरच्या घोड्याचा मागचा पाय नेहमी जरा थरथरल्यासारखा असे, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात.

हे सर परवा निपाणीत, त्यांच्या बहिणीच्या घरी वारले. आमच्या वाचनालयात शोकसभा झाली. एक तरुण सभासद बोलला, "त्या खेळाच्या नादानं त्यांनी गल्लीत दंगा घडवला हे खरं, पण माणूस वाईट नव्हता." अध्यक्षाच्या खुर्चीत मी होतो. दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं, हात जोडले आणि घरी आलो. जेवण गेलं नाही. दंगा कुणी घडवला हे त्या सभेत बसलेल्यांपैकी एकट्या मला ठाऊक होतं.

मी बेळगावच्या कोर्टात शिरस्तेदार होतो. निवृत्तीनंतर वाचनालयाचा कार्यवाह झालो. लोक मला आप्पा म्हणतात. वाचनालयाच्या मागच्या परसाला लागूनच माझं घर आहे. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी, तिचा पुढे संबंध आहे.

खेळ सरांच्या घरी आला तो त्यांच्या पुण्याच्या भाच्यामुळे. सुट्टीला आलेला भाचा एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि पिशवीभर रंगीत फासे विसरून गेला. फासेही विचित्र, कुणाला चार बाजू, कुणाला आठ, कुणाला वीस. सरांनी शब्दकोश घेऊन ते पुस्तक उन्हाळाभर वाचलं. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, कुणी तलवारबहाद्दर, कुणी मांत्रिक, कुणी चोर. खेळवणारा गोष्ट सांगतो, हे समोर जंगल आलं, हा किल्ला आला, हा राक्षस आला. प्रत्येकाने आपण काय करणार ते सांगायचं आणि जमलं की नाही ते फाशावर ठरायचं. लढाई झाली तर दोन्ही बाजूंची ताकद उतरत जाते. शून्यावर आली की मेला.

"पुस्तक चांगलं हाय वो आप्पा," सर मला म्हणाले, "चित्रं तर लई झकास. पण पानोपानी मुडदे. ही खेळणारी पोरं बोलता बोलता माणसं मारतात आणि लगेच म्हणतात, याच्या कमरंला काय सापडलं? मला वाचताना दरदरून घाम सुटला."

"मग ठेवून द्या की."

"ठेवून कसं? गोष्ट लई चांगली हाय. तेवढं मरण कमी करायला पायजे."

वाचनालयाची माडीवरची खोली रिकामी होती. रविवारी दुपारी ती मिळेल का, असं सरांनी विचारलं. मी म्हणालो, "घ्या की खुशाल. समितीचं मी बघून घेतो." हे माझे शब्द. समितीत मी तो विषय कधी काढला नाही, कारण कुणी विचारणारच नव्हतं.

खेळायला मोठी माणसं येत. वैजू पॉवरलूमवर काम करायचा, अंगाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा. रेश्मा नुकती वकील झालेली, बोलण्यात कुणाला ऐकायची नाही. आणखी दोघं कॉलेजातली. पहिल्या रविवारी मी वर डोकावलो. टेबलावर सरांनी रंगवलेला नकाशा पसरलेला, एक पूल, पुलावर पहारेकरी. वैजूने फासा टाकला आणि टेबलावर हात आपटला.

"तोडला त्याला."

"पडला तो," सर म्हणाले.

"मेला न्हवं?"

"पडला. खांद्यातनं रक्त येतंय. तुझ्याकडं बघतोय. आता काय करतोस?"

"सर, पुस्तकात शून्य म्हणजे मेला असं लिवलंय. रेश्मानं वाचून दाखवलंय मला."

"पुस्तकात असंल. हितं शून्य म्हणजे पडला. बांधायचं तर बांध, सोडायचं तर सोड, पाणी पाज, वाट विचार. मारायचंच असलं तर परत सांगायला पायजे, मोठ्यानं, त्याच्याकडं बघून."

वैजू नकाशाकडे बघत बसला. मग म्हणाला, "बांधतो. उगंच कशाला." बाकीचे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं, खरोखरच एक माणूस वाचल्यासारखं.

पुढे त्यांनी आपला एक फासा आणला. लाकडाचा, स्वतः तासलेला, काळ्या शाईने रंगवलेला. त्याचं नाव भीतीचा फासा. लढाई तुंबळ होण्याआधी दोन्ही बाजूंनी तो टाकायचा. आकडा लहान पडला की त्या बाजूचा माणूस घाबरला, मग तो पळणार, नाहीतर शरण येणार. आपला वीरसुद्धा. राक्षससुद्धा. पळणाऱ्याला मागून मारायचं नाही, हा त्याला जोडलेला नियम.

एकदा एका घाटात दरोडेखोरांची टोळी आडवी आली. वैजूने बाह्या सरसावल्या. सरांनी दरोडेखोरांच्या बाजूने काळा फासा टाकला आणि सगळी टोळी झाडीत पळून गेली.

"सर, तुमचे दरोडेखोर पण तुमच्यावाणीच हायत की," वैजू म्हणाला.

यावर सगळ्यात जास्त वेळ सरच हसले. चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "खरं सांगू काय वैजू, सगळेच माझ्यावाणी असतात. मी कबूल करतो एवढंच. भ्यालेल्या माणसाला वाट दिसली की तो जातो रं. वाट न्हाय दिसली तर मग मारतो. जगातलं निम्मं मरण दार न्हाय म्हणून झालंय."

आणि म्हणून त्यांच्या प्रत्येक नकाशावर, प्रत्येक खोलीला, गुहेला, तुरुंगाला दोन दारं असत. मी मुद्दाम शोधून पाहिलंय. राक्षसाच्या बिळालाही मागून एक भोक असायचं.

तरी कधीमधी कुणाचा तरी हट्ट असे. एका रविवारी रेश्माने पडलेल्या शिपायाला मारलंच. मोठ्याने सांगितलं, नियमाप्रमाणे.

"बरं," सर म्हणाले. "नाव काय त्याचं?"

"मला काय माहीत सर? तुमचा शिपाई."

"तू मारलास, तूच ठेव नाव."

"दुंडाप्पा," ती हसत म्हणाली. वैजू फिसकन हसला, कारण त्याच्या कारखान्यात एक दुंडाप्पा होता.

"घरात कोण वाट बघत असंल दुंडाप्पाची?"

"असंल एखादी आई," ती म्हणाली. मग तिचं हसू हळूहळू उतरलं. "आई आणि एक धाकटी बहीण."

सरांनी शाडूच्या मातीचा बोटाएवढा शिपाई करून ठेवला होता. तो त्यांनी तिच्या तळहातावर दिला आणि खिडकीकडे बोट दाखवलं. तिने तो खिडकीच्या कट्ट्यावर आडवा ठेवला. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा आधी खिडकीकडे गेली, हे मी पाहिलंय. त्यानंतर त्या पोरीने कुणाला मारलं नाही. वाद घालून, धमकावून, गोड बोलून ती शत्रूकडून काम काढून घेई, आणि वकिलीत तिला त्याचा उपयोग झाला असं ती म्हणते.

वर्षभरात त्या कट्ट्यावर मोजक्याच बाहुल्या जमल्या. सगळ्या नावानिशी ठाऊक असलेल्या. सगळ्या आडव्या.

ती खिडकी गल्लीच्या बाजूला उघडते.

मला त्याचं काही वाटलं नाही. सरांना वाटलं. एके दिवशी ते माझ्या घरी आले, चहाचा कप हातात तसाच धरून बसले. "आप्पा, लोक खिडकीकडं बघून कुजबुजायलेत. बाहुल्या काढू काय?"

मी म्हणालो, "राहू द्यात वो. एवढ्याला काय भ्यायचं? तुम्ही म्हणजे अगदीच हे आहात."

ते ओशाळले. चहा पिऊन गेले. बाहुल्या राहिल्या.

आमच्या गल्लीत पार्वताक्का म्हणून एक बाई. त्यांचा नातू तापाने फणफणला होता, औषध लागू पडत नव्हतं. त्याच सुमारास कुणाच्या मागाची मोटर जळली, कुणाची म्हैस आटली. गल्लीत अशा गोष्टी कायम होत असतात, पण एरवी त्यांना एकत्र बांधायला दोरी नसते. आता खिडकीत बाहुल्या होत्या. पार्वताक्का वाचनालयाच्या पायरीशी आल्या. आत आल्या नाहीत.

"आप्पा, त्या बाहुल्या कसल्या वो? माणसागत हायत आणि झोपवलेल्या हायत."

दोन वाक्यांत सांगता आलं असतं. गोष्टीचा खेळ आहे आक्का, कुणी कुणाला मारू नये म्हणून सरांनी काढलेली युक्ती आहे, चला वर, दाखवतो. माझ्या तोंडापर्यंत ते आलंही. पण त्यांच्या मागे रस्त्यावर तिघं-चौघं उभे होते, कान देऊन. मी सांगितलं असतं तर मी त्यातला झालो असतो. मी म्हणालो, "मला काय विचारू नका आक्का. मी त्यात न्हाय."

त्यांनी पदर छातीशी ओढून घेतला आणि निघून गेल्या. कोर्टात आयुष्य गेलेल्या माणसाला कळायला हवं होतं की अशा उत्तराचा अर्थ काय होतो. कार्यवाहच म्हणतो मी त्यात नाही, म्हणजे 'त्यात' काहीतरी आहे. संध्याकाळपर्यंत खिडकीचा फोटो मोबाइलवरून फिरू लागला. बाहुल्यांभोवती तांबडा गोल, आणि खाली भानामती, करणी, लहान पोरांवर प्रयोग, असं वाटेल ते. माझ्याही मोबाइलवर तो आला. मी तो पुसून टाकला आणि सरांना काही सांगितलं नाही.

त्यानंतरचा रविवार. दुपार टळली होती. मी खाली वर्तमानपत्रं लावत होतो. आधी गल्लीच्या तोंडाशी आवाज आला, लग्नाच्या वरातीसारखा, पण वाद्यं नसलेला. मग माणसं दिसली. ओळखीची होती, ते जास्त भयंकर होतं. ज्यांच्याशी रोज बोलतो त्यांचे चेहरे कुणी उसने नेल्यासारखे. पहिला दगड माडीच्या खिडकीवर बसला. काच फुटल्याचा आवाज येण्याआधीच माझे पाय जिन्याकडे वळले होते.

वैजू वरून धावत खाली आला तोपर्यंत एक तरुण दारातून आत घुसलाही होता. हातात मागावर सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. तो जिना चढून सरळ खोलीत गेला. वैजूने दार लावलं, अडसर घातला आणि त्याच्या मागे पळाला. म्हणजे आता बाहेर सगळी गल्ली आणि आत तो तरुण एकटा. मीही वर गेलो, कारण खाली एकटं थांबवत नव्हतं.

मी पोचलो तेव्हा तो तरुण जमिनीवर पडलेला होता. वैजूने त्याला आडवा केला होता आणि धोटा आता वैजूच्या हातात होता, डोक्याच्या वर. रेश्मा भिंतीला चिकटून. कॉलेजातला एक पोरगा रडत होता आणि ओरडत होता, "हाण त्याला, हाण, न्हायतर तो आपल्याला मारंल." खिडकीतून दगड येत होते. बाहुल्या कट्ट्यावरून पडून फुटल्या होत्या. शाडूची पांढरी भुकटी सगळ्यांच्या पायाखाली.

सर टेबलाखालून बाहेर आले. हो, ते टेबलाखाली लपले होते. सांगतोय तर सगळं सांगायला हवं. त्यांचा आवाज फाटत होता.

"वैजू. पडलाय तो."

"सर, ह्यो खेळ न्हाय."

"व्हय. म्हणूनच. नाव विचार."

वैजूचा हात वरच होता. त्याचं तोंड मी कधी तसं पाहिलं नव्हतं. घामाने निथळत होतं आणि त्यावर राग कुठेच नव्हता, नुसती भीती होती. त्या क्षणी तो मारणार होता. मला खात्री आहे. मी कोर्टात असली माणसं पाहिली आहेत, सगळं घडून गेल्यावर, पिंजऱ्यात, कसं घडलं ते न कळलेली.

"नाव काय तुझं?" वैजू ओरडला.

"मारुती," खालचा म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

"घरात कोण?" हे सरांनी विचारलं, शिकवताना विचारत तसं.

"भाचा. पार्वताक्काचा नातू. ताप उतरंना झालाय वो. मला सांबऱ्यावरनं बोलावून घेतलंय. मला कायबी करू नका, माझी बहीण एकटी हाय."

वैजूने धोटा खाली ठेवला. ठेवला म्हणजे हातातून गळला. मग तो तिथेच भिंतीशी बसला आणि आपल्याच हाताकडे बघू लागला.

बाहेर आता नवीन आरोळी उठली होती. मारुतीला आत ओढलाय, मारुतीला मारतायत. दाराला खांदे लागत होते. आपला माणूस आत मरतोय असं वाटणारी ती माणसं दार तोडून आली असती तर काय झालं असतं हे सांगायला नको. मारुती बाहेर दिसायला हवा होता, तोही ताबडतोब.

"मागच्या दारानं," सर म्हणाले. "आप्पा, मागचं दार उघडा. पोरं परसातनं जातील. मारुती गल्लीला वळसा घालून पुढं येईल, सगळ्यांना धडधाकट दिसंल."

मागच्या दाराला माझं कुलूप असे. परसाला लागून माझं घर. घरात माझी बायको एकटी. ते दार उघडलं आणि जमावातली चार माणसं त्या वाटेने शिरली तर? आधी माझं घर लागणार. हे सगळं एका श्वासात माझ्या डोक्यातून गेलं. मी म्हणालो, "किल्ली घरी राहिली सर."

किल्ली माझ्या कोटाच्या खिशात होती. माझा हात तिच्यावर होता.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग ते मारुतीजवळ गेले, त्याला उठवलं, त्याच्या सदऱ्यावरची शाडू झटकली आणि दोन बोटांनी त्याची बाही धरली.

"मारुती, मला बाहेर जायला लई भ्या वाटतं. जरा पलीकडं येतो तुझ्यासंगं."

रेश्मा म्हणाली, "सर, नका जाऊ." ते जिना उतरू लागले होते. एकेक पायरी, भिंतीला धरून. खाली त्यांनी स्वतः अडसर काढला. मी जिन्याच्या वरून पाहत होतो. दार उघडलं आणि उजेडात ते दोघं उभे राहिले, जगातला सगळ्यात भित्रा माणूस आणि त्याच्या बोटांत बाही दिलेला तो पोरगा. मारुती ओरडला, "मला काय केलं न्हाय, मला काय केलं न्हाय, थांबा." लोक थांबलेसुद्धा. पण एक दगड आधीच हातातून सुटला होता. तो सरांच्या डाव्या डोळ्यावर बसला.

ते पडले. मग एकेक जण मागे सरकला, वळला आणि पळाला. सगळी गल्ली रिकामी झाली. मारुती तेवढा राहिला. रिक्षा त्यानेच आणली.

पोलीस आले. मला जबाब विचारला. जबाब कसा दिला म्हणजे आपण सुटतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी सांगितलं की ती खोली समितीच्या परवानगीशिवाय वापरली जात होती, तिथे काय चाले याची मला कल्पना नाही, बाहुल्या कशाच्या ते मला माहीत नाही, आणि सर आम्हा सगळ्यांचं न ऐकता आपणहून जमावात गेले. शेवटचं वाक्य अर्धं खरं होतं, म्हणून ते सगळ्यात वाईट. तेच गावात राहिलं. हेकट मास्तर, भलता खेळ, स्वतःहून ओढवून घेतलेली इजा. पार्वताक्कांचा नातू पुढच्याच आठवड्यात बरा झाला आणि गल्लीत क्रिकेट खेळू लागला. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

रेश्माने तो जबाब वाचला. मला वाचनालयात गाठून तिने विचारलं, "आप्पा, पहिल्या रविवारी तुम्हीच डोकावला होता न्हवं वर? वैजूनं पहारेकऱ्याला बांधला तवा तुम्ही पण हसला होता." मी वर्तमानपत्राची घडी घालत राहिलो. त्यानंतर ती वाचनालयात आली नाही. वैजू रस्त्यात दिसला तर दुसऱ्या बाजूने जातो.

सरांचा डावा डोळा गेला. ते निपाणीला बहिणीकडे राहायला गेले. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. मी वाट पाहत होतो, आज सांगतील, उद्या सांगतील. दारावर थाप पडली की आधी खिडकीतून कोण आहे ते बघे. वर्षं गेली आणि ते काही सांगत नाहीत, हेच मला सोसेना. एका रविवारी मी निपाणीची बस धरली.

तंबाखूच्या वखारींमागे एका बोळात घर होतं. दार उघडंच होतं. आत सतरंजीवर नकाशा पसरलेला आणि भोवती तिघं. त्यात एक मारुती. सांबऱ्याहून तो दर रविवारी येतो, असं कळलं. मला पाहून तो उठला आणि "पाणी आणतो" म्हणून आत गेला. सरांनी उरलेल्या डोळ्याने मला नीट पाहून घेतलं आणि सरकून जागा केली.

"बसा आप्पा. खेळणार काय?"

मी बसलो. खिडकीच्या कट्ट्याकडे माझी नजर गेली. कट्टा रिकामा होता. सरांच्या लक्षात आलं. "आता बाहुल्या करत न्हाय. लोक भितात. नावं मनात ठेवायची."

बाकीचे चहाला उठले तेव्हा मी म्हणालो, "सर, त्या दिवशी ती किल्ली..."

"तुमच्या कोटात होती," ते म्हणाले. "वाजत होती. हात थरथरायला लागला की किल्ल्या वाजतात. मला कळणार न्हाय होय? माझा जन्म त्यात गेलाय."

"मग तुम्ही कुणाला बोलला का नाही?"

ते काळा फासा बोटांत फिरवत बसले. "तुमचा आकडा लहान पडला आप्पा. तुम्ही पळालात. पळणाऱ्याला मागनं मारायचं न्हाय, आपला नियम हाय."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी मोकळा होऊन परतलो असतो. मी मान खाली घालून नकाशाकडे बघत राहिलो. त्यावर एक तुरुंग काढलेला होता. त्याला दोन दारं होती.

निघताना ते मला बसपर्यंत सोडायला आले. वाटेत मोठा रस्ता लागतो. कडेला आल्यावर त्यांनी माझ्या कोटाची बाही धरली, दोन बोटांत, पूर्वीसारखी. गेलेल्या डोळ्यामुळे आता डावीकडे बघायला त्यांना सगळी मान वळवावी लागत होती. आम्ही पलीकडे गेलो. त्यांनी बाहीवरची चुणी नीट केली. बस उभीच होती. मी चढलो, खिडकीशी बसलो, बस हळूहळू निघाली, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्यांना परत जायचं आहे आणि सोबत कुणी नाही.

ते रस्त्याच्या कडेला उभे होते. ट्रक जात होते. त्यांनी मान वळवून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, परत डावीकडे. उजवा हात जरासा पुढे आला आणि बोटं हवेत कुणाची तरी बाही शोधू लागली. शेजारी कुणी नव्हतं. मी उठलो असतो तर कंडक्टरने बस थांबवली असती. मी उठलो नाही. डबा घेऊन चाललेली एक बाई त्यांच्याजवळ येऊन थांबली, तेवढं दिसलं. बोटं तिच्या पदरापर्यंत पोचली, ती दचकून वळली, आणि बस वळणावर गेली.